साखर सोडली, पण शर्करा?

शहाद्याहून तोरणमाळच्या वाटेला लागले की म्हसावद लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, केळी आणि पपईचे मळे आणि समोर सातपुड्याची रांग. गेल्या फाल्गुनात या परिसरातील विज्ञान शिक्षकांसाठी सोप्या प्रयोगांचे दोन दिवसांचे शिबिर घ्यायला आम्ही तेथे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एक ज्येष्ठ गुरुजी खिशातून रक्ततपासणीचा कागद काढून आमच्यापुढे आले.

“सर, साखर सोडून मला सात महिने झाले,” ते म्हणाले. “बिस्किटे बंद, पाव बंद. घरी ज्वारीची भाकरी सुरू केली. चहात गूळ, सकाळी कोमट पाण्यात मध, दुपारी भूक लागली तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की. सगळे नैसर्गिक. मग हा आकडा ७.१ वरून ७.८ वर कसा गेला?”

हा आकडा म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्याला शर्करा चिकटलेली आहे त्याचे माप. मागील दोन-तीन महिन्यांत रक्तातील शर्करा सरासरीने किती होती, हे त्यावरून कळते. गुरुजींना मधुमेह होऊन तीन वर्षे झाली होती. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सगळा अभ्यास करूनही नापास झालेल्या मुलाचा असतो तसा चेहरा मात्र झाला होता. औषधाविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि तसे आम्ही त्यांना सांगितलेही. पण प्रश्नाचा बराचसा भाग रसायनशास्त्राचा आणि साध्या बेरजेचा होता. तेव्हा दुपारच्या सत्रातील भिंगे बाजूला ठेवली आणि परीक्षानळ्या काढल्या.

रेणू तोच

आपण जिला साखर म्हणतो ती ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध इक्षुशर्करा असते. तिचा एक रेणू दोन लहान शर्करांचा जोड असतो : एक द्राक्षशर्करा म्हणजे ग्लुकोज आणि दुसरी फलशर्करा म्हणजे फ्रुक्टोज. हा जोड लहान आतड्याच्या अस्तरावरील विकरे चटकन तोडतात. ग्लुकोज रक्तात उतरते आणि त्याला पेशींमध्ये पोचवण्यासाठी स्वादुपिंडातून इन्शुलिन पाझरते. फ्रुक्टोजचा बहुतेक भाग यकृत उचलते.

ही इक्षुशर्करा उसाच्या रसातच असते. कारखाना ती तयार करत नाही, फक्त वेगळी काढतो. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला साखर कारखाना उभा राहिला, त्यामुळे या भागातील मुलांनी चिमणी आणि उसाच्या गाड्यांची रांग पाहिलेली असते. आत काय चालते हे मात्र ठाऊक नसते. रस चुन्याने आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात, आटवतात, स्फटिक पाडतात आणि गरगर फिरणाऱ्या जाळीदार पिंपातून मळी बाहेर फेकतात. आत राहते ती साखर. गुऱ्हाळावर निम्मे काम तेच असते. रसात थोडा चुना घालतात, भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालतात, वर येणारा फेसाळ मळ झाऱ्याने काढतात आणि पाक ११५ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की काहील उतरवतात. (या मळालाही मळीच म्हणतात. गुऱ्हाळावरची मळी निराळी आणि कारखान्यातली निराळी. वर्गात येथे घोटाळा होतो, म्हणून सांगितले.) फरक एवढाच, की शेवटची पायरी गुऱ्हाळावर नसते. कारखान्यातील मळीत जे जाते ते येथे साखरेसकट ढेपेत थिजते.

म्हणून गुळात ६५ ते ८५ टक्के इक्षुशर्करा, साधारण १० ते १५ टक्के सुटे झालेले ग्लुकोज व फ्रुक्टोज, थोडे पाणी आणि जेमतेम एक टक्क्याच्या आसपास खनिजे सापडतात. गुळाचा रंग, वास आणि तो खमंगपणा या थोड्याशा इतर द्रव्यांमुळे येतो. ढेपेचा बहुतांश भाग म्हणजे शर्कराच.

हे फळ्यावर सांगून पटत नाही, करून दाखवावे लागते. साखर, गूळ, मध, भिजवलेल्या मोहफुलांचे पाणी आणि पपईचा रस अशी पाच पातळ द्रावणे पाच नळ्यांत घ्यावीत. प्रत्येकीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घालून सर्व नळ्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे उभ्या कराव्यात. (बेनेडिक्टच्या द्रावणात मोरचूद असते. ते विषारी आहे. नळीतले काहीही चाखायचे नाही आणि प्रयोगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचे नाही.) सुटे ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज असेल तर तांब्याचे क्षपण होऊन हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी साका दिसतो. मध, मोहफूल आणि पपई यांच्या नळ्या पाहता पाहता विटकरी झाल्या. गुळाची पिवळट-नारिंगी झाली. साखरेची मात्र निळीच राहिली.

आणि येथेच मागच्या बाकावरून टाळी पडली. एक तरुण शिक्षक म्हणाले, “म्हणजे गूळ आणि साखर वेगळे आहेत, हे तुम्हीच सिद्ध केलेत!” आम्ही या वाक्याची वाटच पाहत होतो. मग साखरेच्या ताज्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकून ते पाच मिनिटे उकळले, धुण्याच्या सोड्याने आम्ल मारले आणि पुन्हा तीच परीक्षा घेतली. निळी नळी विटकरी झाली. आम्लाने इक्षुशर्करेचा जोड तुटला होता. आतड्यात हेच काम विकरे करतात, तेही उकळल्याशिवाय. गुऱ्हाळावर रसातील आम्लता आणि काहिलीतील उष्णता यांनी त्यातला थोडा भाग आधीच उरकलेला असतो. पावसाळ्यात गूळ पाझरतो तो या सुट्या शर्करांमुळे, कारण त्या हवेतला ओलावा ओढून घेतात. थोडक्यात, पाचही नळ्यांतील शर्करा आतड्यापलीकडे गेल्यावर त्याच दोन रेणूंच्या रूपात दिसणार. त्या उसातून आल्या की फुलातून, हे रक्ताला ओळखता येत नाही.

तराजूवरचा खडा

पण मग साखरेच्या जागी गूळ आल्याने आकडा फार तर तितकाच राहायला हवा होता. तो वाढला कसा? आम्ही गुरुजींना सांगितले, की रोज चहात टाकता तेवढा गूळ हाताने फोडून द्या. त्यांनी तीन वेळा फोडून दिला. शाळेच्या तराजूवर सरासरी भरली १४ ग्रॅम. त्यात शर्करा ८५ टक्के धरली तरी सुमारे १२ ग्रॅम. दिवसाचे चार चहा, म्हणजे ४८ ग्रॅम. मधाचे दोन चमचे १४ ग्रॅमचे, त्यात शर्करा ११ ग्रॅम. चिक्कीच्या दोन वड्या ३० ग्रॅमच्या. निम्मा गूळ धरला तर शर्करा १३ ग्रॅम. एकूण ७२ ग्रॅम.

साखर खात होते तेव्हाचा हिशोब त्यांनीच सांगितला. चार चहा, प्रत्येकात दीड सपाट चमचा, म्हणजे ६ ग्रॅम, एकूण २४. शिवाय चार बिस्किटे, त्यांत साखर साधारण ६ ग्रॅम. सगळे मिळून ३०.

वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. साखर सोडल्यावर गुरुजींची शर्करा दुपटीहून अधिक झाली होती. यात त्यांचा दोष फारसा नाही. गूळ वजनाला साखरेपेक्षा थोडा कमी गोड लागतो, त्यामुळे खडा मोठा घेतला जातो. चमच्याला माप असते, खड्याला नसते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ‘नैसर्गिक’ हा शब्द. साखर घेताना हात आखडतो, गूळ घेताना सैल सुटतो. आकडा वाढण्याचे कारण एवढेच होते, असे आम्ही म्हणणार नाही. झोप, व्यायाम, औषधांची वेळ अशी इतरही कारणे असतात आणि ती त्यांच्या डॉक्टरांनीच पाहावीत. पण हा हिशोब डॉक्टरांना दाखवा, एवढे आम्ही आवर्जून सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली या बाबतीत एक मर्यादा सुचवली. दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी ‘मुक्त शर्करेतून’ यावेत, आणि ५ टक्क्यांहून कमी आले तर अधिक चांगले. २००० उष्मांकांच्या आहाराला याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा होतो. मुक्त शर्करेच्या व्याख्येत वरून घातलेली साखर येते, तसेच मध, पाक आणि फळांचा गाळलेला रसही येतो. अख्खे फळ येत नाही. ही मर्यादा निरोगी माणसासाठी आहे; मधुमेह असलेल्याने ती परवानगी समजू नये. रक्तशर्करा वाढवण्याच्या वेगात गूळ आणि साखर यांत भरवसा ठेवावा असा फरक नाही, तेव्हा मधुमेह्याने गूळ साखरेच्याच खात्यात लिहावा.

काहिलीतले लोह

लगेच दुसरा प्रश्न आला, आणि तो अधिक गंभीर होता. एका शिक्षिकेने सांगितले, “आमच्याकडे आठवड्याची लोहाची निळी गोळी मुली घेत नाहीत. मळमळते म्हणतात. आया म्हणतात, गूळ-शेंगदाणे देतो, लोह त्यात आहेच.”

गुळात लोह आहे, हे खरे. किती, हे विचारायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक कोष्टकांत १०० ग्रॅम गुळामागे लोह साधारण साडेचार मिलिग्रॅम आहे. निरनिराळ्या गुळांत हा आकडा बराच खालीवर होतो, कारण लोहाचा काही भाग रसातून येतो आणि काही काहिलीच्या पत्र्यातून. प्रौढ स्त्रीसाठी याच संस्थेने २०२० साली दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. ते गुळातून मिळवायचे तर रोज ६०० ग्रॅमहून अधिक गूळ खावा लागेल! दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही हाती लागत नाही. त्यातून तो खडा चहात विरघळवला तर चहातील टॅनिनासारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि आतडे त्यातले थोडेच शोषते. लोहासाठी गुळाचा चहा घेणे म्हणजे गळक्या बादलीने पाणी शेंदणे.

याउलट त्याच कोष्टकांत १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह आहे, म्हणजे बाजरीच्या दोन-तीन भाकऱ्या गुळाच्या मोठ्या ढेकळाला मागे टाकतात. सोबत लिंबू, कैरी किंवा आवळा असेल तर ते अधिक शोषले जाते. लोहासाठी गूळ खाणाऱ्यांना आमचे म्हणणे इतकेच, की भाकरी आणि भाजी आधी. गूळ आवडतो म्हणून खायचा तर थोडा खावा. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती रिकाम्या पोटी न देता जेवणानंतर दिली तर मळमळ पुष्कळ कमी होते. आठवड्याच्या त्या एका गोळीची जागा गुळाचा खडा घेऊ शकत नाही.

या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. येथील आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. त्यातला अशक्तपणा लोहाच्या कमतरतेचाच असेल असे नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात तपासणीवर भर आहे. थकलेल्या, फिकट मुलीला गूळ द्या की गोळी द्या, हे घरी ठरवण्याआधी तिचे रक्त एकदा तपासलेले असावे.

ऊस चघळणे आणि रस पिणे

मग नैसर्गिक गोडीला काही अर्थच नाही का? आहे, फक्त तो रंगात किंवा नावात नाही. तो पेशीच्या भित्तिकेत आहे.

ब्रिस्टल येथील हेबर, हीटन आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिले : अख्खे, कुस्करून लगदा केलेले आणि गाळून काढलेला रस. प्रत्येक वेळी कर्बोदके सारखी, ६० ग्रॅम. अख्ख्या सफरचंदांपेक्षा रस अकरापट वेगाने संपला. पोट भरल्यासारखे वाटणे अख्ख्या फळाने सर्वांत अधिक, लगद्याने कमी आणि रसाने सर्वांत कमी. रक्तात इन्शुलिन अधिक चढले ते रस आणि लगद्यानंतर. आणि रस प्यायल्यावर थोड्या वेळाने ग्लुकोज खाली घसरले, तसे अख्ख्या फळानंतर झाले नाही. शर्करा तीच, प्रमाण तेच. बदलली ती तिच्याभोवतीची तंतूंची चौकट.

म्हसावदला सफरचंद शोधायचे कारण नाही. पाव किलो सोललेला ऊस एका विद्यार्थ्याला चघळायला द्यावा आणि तेवढ्याच उसाचा रस दुसऱ्याला प्यायला द्यावा. हातात घड्याळ घेऊन नोंद करावी. चघळणारा दमतो, त्याचे जबडे दुखतात आणि शेवटची कांडी तो बहुधा मित्राला देऊन टाकतो. रस पिणारा ‘अजून आहे का?’ म्हणून विचारतो. गूळ म्हणजे आटवलेला रस. दहा किलो उसातून साधारण एक किलो गूळ पडतो, म्हणजे १४ ग्रॅमचा खडा सुमारे १४० ग्रॅम ऊस होतो. दिवसभरात चार चहांबरोबर अर्ध्या किलोहून अधिक ऊस आपण चघळला असता का?

या अर्थाने नैसर्गिक गोडी म्हणजे पपईची फोड, केळे, बोर, सीताफळ, भिजवलेली खारीक. पिकलेल्या पपईच्या १०० ग्रॅममध्ये शर्करा जेमतेम ८ ग्रॅमच्या आसपास असते, बाकी मुख्यतः पाणी आणि सोबत तंतू. म्हसावदच्या रस्त्यावर ज्या पपईच्या गाड्या भरून परगावी जातात, तिच्याकडे येथील घरे गोड पदार्थ म्हणून फारशी पाहत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटले. खारीक-खजुरात मात्र पाणी कमी आणि शर्करा ६० टक्क्यांहून अधिक, तेव्हा तेथे दोन-तीनवर थांबावे. खारकेची पूड करून लाडवात साखरेच्या मापाने घालणे म्हणजे पुन्हा खड्याचा हिशोब विसरणे.

मोहाचे फूल

या प्रदेशाची खरी स्वतःची गोडी कोणती, तर मोहाची. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली मलईच्या रंगाच्या, रसाने फुगलेल्या फुलांचा सडा पडतो. आपण जे वेचतो तो पाकळ्यांचा जुळून झालेला मांसल प्याला असतो. उन्हात वाळवला की तो मनुकेसारखा तांबूस होतो. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो, आणि त्यातली बरीचशी सुट्या रूपातली. नळीतला विटकरी रंग त्याचाच. पण गुळाप्रमाणे येथे काही गाळून फेकलेले नसते. तंतू, थोडी प्रथिने आणि खनिजे फुलातच राहतात. सातपुड्यातील घरांत ही फुले भाजून, उकडून किंवा धान्याच्या पिठात मिसळून खाण्याची रीत आहे, आणि टंचाईच्या दिवसांत त्यांनी अनेकांना तगवले आहे.

तरीही ‘मोह’ म्हटले की बाहेरच्या माणसाला फक्त दारू आठवते. त्याला सरकारी कागदांचाही हातभार लागला. मुंबई सरकारने १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा खास कायदा केला. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली फुले बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर निर्बंध राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०२१ साली उठवले. अन्न म्हणून वेचलेले फूल इतकी वर्षे संशयित माल ठरले होते! शिबिरातील एका पावरा शिक्षकांनी सांगितले, की आश्रमशाळेत मुले मोहफुलांची भाकर घरून आणतात ती लपवून खातात. बिस्किटाचा पुडा कोणी लपवत नाही.

मोहफुलांची शिफारस करताना दोन गोष्टी सांगायला हव्यात. ती नीट वाळलेली असावीत. ओल राहिली तर बुरशी धरते किंवा आंबतात. आणि त्यांतली शर्करा ही शर्कराच आहे. मधुमेह्याने मूठभर मोहफुले ‘रानमेवा’ म्हणून खाल्ली तर त्याच्या रक्ताला रान दिसत नाही. पण शाळकरी मुलाच्या भाकरीत पिठाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी भिजवलेली फुले मळली, तर वरून गूळ-साखर घालावी लागत नाही आणि सावकाश चावून खावे लागते.

मधाविषयी थोडक्यात. फुलातला मकरंद पाण्यासारखा पातळ असतो; मधमाश्या आपल्या विकराने त्यातली इक्षुशर्करा तोडतात, पंखांनी वारा घालून पाणी उडवतात आणि पाणी १८ टक्क्यांच्या आसपास आणतात. शर्करा उरते ८० टक्के. म्हणजे मध हा प्रक्रिया केलेला पदार्थच. कारखाना मधमाशीचा, एवढेच. सातपुड्यात आग्या माशीचा मध काढणाऱ्यांचे कष्ट पाहिले तर तो चमच्याने नव्हे, थेंबाने खावा असे वाटते. आणि एक ताकीद : एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजुके असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजून जिवावर बेतणारे विष तयार करू शकतात. गुटीबरोबर मधाचे बोट देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. शिक्षकांनी हे पालकसभेत जरूर सांगावे.

भाकरीने काय साधले

गुरुजींनी पाव-बिस्किटे सोडून भाकरी धरली, ती वाया गेली का? मुळीच नाही. ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली अन्नाची विभागणी पोषणमूल्यांवरून न करता प्रक्रियेवरून करावी असे सुचवले. त्यांच्या विभागणीत धान्य, डाळ, फळ, भाजी, दूध पहिल्या गटात. त्यांच्यापासून काढलेले तेल, तूप, साखर, मीठ दुसऱ्यात. मधही दुसऱ्यातच, आणि गुळाची जागाही तीच. पुड्यातील बिस्किटे, शीतपेये, झटपट शेवया यांसारखे कारखानी पदार्थ चौथ्या गटात. साखरेऐवजी गूळ घेणारा माणूस दुसऱ्या गटातून दुसऱ्याच गटात गेलेला असतो. बिस्किटाऐवजी भाकरी घेणारा चौथ्यातून पहिल्यात येतो.

या दुसऱ्या बदलाचे वजन अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली मोजले. वीस प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे चौथ्या गटातील आणि दोन आठवडे पहिल्या गटातील जेवण दिले. ताटात वाढलेले उष्मांक, शर्करा, चरबी, मीठ आणि तंतू दोन्ही वेळा सारखे. हवे तेवढेच खायचे. कारखानी जेवणावर लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि वजन जवळजवळ ०.९ किलोने वाढले. साध्या जेवणावर तेवढेच उतरले. वाढलेली शर्करा सारखी असूनही हे घडले, म्हणजे केवळ साखरेचा रंग बदलून हे साधणारे नव्हते. वीस माणसे आणि चार आठवडे हा लहान प्रयोग आहे. पण त्याची दिशा स्पष्ट आहे.

‘मग गोड काहीच नाही?’ असा प्रश्न ओघाने येतो. जिभेला थोडा वेळ द्यावा लागतो. अमेरिकेतच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांनी तीन महिने आहारातील साध्या शर्करांचे उष्मांक ४० टक्क्यांनी कमी केले. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग त्यांना पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागले. त्यांची गोडाची आवड मात्र कमी झाली नाही, हेही त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदले. म्हणजे जीभ तीक्ष्ण होते, मन संन्यासी होत नाही. व्यवहारात याचा उपयोग असा, की खडा एकदम टाकण्याऐवजी दर पंधरवड्याला दोन ग्रॅमने कमी करावा. तराजू सोनाराकडे असतो, किराणा दुकानात असतो आणि शाळेत तर असायलाच हवा. स्टेव्हियाच्या पुडीचा मोह काहींना पडतो. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, आणि त्या यादीत स्टेव्हियाही होता. आधीच मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

राहिला प्रश्न गुळाच्या चहात दूध फाटते त्याचा. निघता निघता तो स्वयंपाकीणबाईंनी विचारला आणि दिवसभरातला सर्वांत उपयोगी प्रश्न आम्हाला हाच वाटला. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, जुना आणि पाझरलेला अधिक. त्यात खनिजक्षारही असतात. उकळत्या दुधात तो पडला की आम्लता, क्षार आणि उष्णता मिळून दुधातील केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात. उपाय सोपा आहे. गूळ पाण्यात चहाबरोबर उकळून घ्यावा, भांडे विस्तवावरून उतरवावे, अर्धा मिनिट थांबावे आणि वेगळे तापवलेले दूध त्यात घालून पुन्हा न उकळता गाळावे. बाईंनी लगेच करून पाहिले. दूध फाटले नाही. गुरुजींनी आपला पेला घेण्याआधी खडा मागितला, तो तराजूवर ठेवला आणि काट्याकडे पाहत त्यातला अर्धा मोडून परत डब्यात टाकला.